उन्हाचें मलम : गरज किती, भीति किती ?

उन्हाळा तोंडावर आला कीं घरोघर खरेदीच्या याद्या तयार होऊं लागतात. लोणच्यासाठीं मोहरी, पापडांसाठीं डाळ, मुलांसाठीं टोप्या, असें चाललेलें असतें. अलीकडे ह्या यादींत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे उन्हापासून त्वचेचें रक्षण करणारें मलम, ज्यास लहानथोर सर्वच सनस्क्रीन ह्या नांवानें ओळखतात. ह्या मलमाविषयीं पालकवर्गांत दोन परस्परविरुद्ध मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, ‘त्यांतील रसायन रक्तांत उतरतें, तें विष आहे, मुलांस मुळींच लावूं नये.’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘जें दुकानांत उघडपणें विकलें जातें त्यांत अपाय कसला ? पाहिजे तितकें लावावें.’ दोघांच्याही म्हणण्यांत थोडें सत्य आहे. परंतु कोणाच्या अंगास, किती, आणि कोणत्या गरजेसाठीं, हे तीन प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. ह्या लेखांत त्या तीन प्रश्नांचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. सोयीसाठीं आम्ही ह्या मलमांतील एकच घटक घेतों. त्याचें नांव ऑक्सिबेन्झोन. वेष्टनावर तो पुष्कळदां बेन्झोफेनोन-३ ह्या नांवानेंही छापलेला असतो. सनस्क्रीनच्या घटकांपैकीं ह्याच्याविषयीं जगांत फार मोठा वाद माजला आहे, म्हणून विचारासाठीं तो उत्तम उदाहरण आहे.

प्रथम हें रसायन काम कसें करितें तें पाहूं. सूर्यप्रकाशांत डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांपैकीं २८० ते ३१५ नॅनोमीटर लहरींचे किरण त्वचा भाजून लाल करितात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर लहरींचे किरण अधिक खोल जातात व त्वचेस अकालीं सुरकुत्या आणितात. पेशींच्या आंतील जें द्रव्य आनुवंशिक गुण वाहून नेतें त्यास ह्या किरणांनीं इजा होते, आणि ती इजा वर्षानुवर्षे सांचत गेली म्हणजे कर्करोगाचें बीज पडूं शकतें. सन १९९२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें सूर्याचे किरण मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करितात असा स्पष्ट निर्णय दिला. तेव्हां उन्हाचें भय काल्पनिक आहे असें कोणी समजूं नये.

हे किरण अडविणारीं मलमें दोन प्रकारचीं असतात. एका प्रकारांत झिंक ऑक्साइड किंवा टिटॅनियम डायऑक्साइड हीं खनिज चूर्णें असतात व तीं बहुतेक त्वचेच्या वरच्या थरावरच राहतात. दुसऱ्या प्रकारांत ऑक्सिबेन्झोनसारखीं कार्बनयुक्त रसायनें असतात. ऑक्सिबेन्झोनच्या रेणूंत बेन्झिनचीं दोन कडीं कार्बन व ऑक्सिजन ह्यांच्या दुव्यानें जोडलेलीं असतात. अतिनील किरण पडले म्हणजे हा रेणु त्यांची ऊर्जा शोषून घेतो आणि ती किंचित् उष्णतेच्या रूपानें सोडून देतो. मलम लावल्यावर चेहरा पांढरट दिसत नाहीं, हा ह्या रसायनाचा गुण व्यापाऱ्यांस व गिऱ्हाइकांस फार आवडला. परंतु ह्याचा रेणुभार अवघा २२८ आहे व तो स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतो. ज्या द्रव्यांचा रेणुभार ५०० हून कमी असतो तीं त्वचेंतून आंत जाण्याचा संभव अधिक असतो. वादाचें मूळ नेमकें येथें आहे.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप रक्ताचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनीं सन २०१९ मध्यें २४ निरोगी प्रौढ माणसांवर एक प्रयोग केला. बाजारांत मिळणारीं चार निरनिराळीं सनस्क्रीनें घेऊन तीं अंगाच्या पाऊण भागास, दिवसांतून चार वेळां, चार दिवस लावण्यांत आलीं. ज्यांच्या मलमांत ऑक्सिबेन्झोन होतें त्यांच्या रक्तद्रवाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्यें त्याचें प्रमाण सरासरीनें दीडशे नॅनोग्रामांहून अधिक झालें. नॅनोग्राम म्हणजे एका ग्रामाचा अब्जावा भाग. हें प्रमाण दिसावयास अत्यल्प आहे. परंतु त्याच प्रशासनानें नेमलेली रेषा केवळ ०.५ नॅनोग्रामाची होती, आणि ती कित्येकशें पटींनीं ओलांडली गेली. पुढील वर्षीं ४८ माणसांवर तोच प्रयोग अधिक विस्तारानें करण्यांत आला, तेव्हां मलम लावणें बंद केल्यावर दोन आठवडे लोटले तरी कित्येकांच्या रक्तांत हें रसायन सांपडत होतें.

ही बातमी वाचून पुष्कळ लोक घाबरले. पण विद्यार्थ्यांनो, ती रेषा कशाची होती हें नीट समजून घ्या. ती विषाची रेषा नव्हती. तिच्या वर गेल्यास रसायनाची आणखी तपासणी करावी, एवढाच तिचा अर्थ होता. चौकीवरील शिपायानें एखाद्या वाटसरूस थांबवून नांवगांव विचारिलें, म्हणून तो वाटसरू चोर ठरत नाहीं. रक्तांत सांपडणें हा अपायाचा पुरावा नव्हे, तो चौकशीचा आरंभ होय. त्या शास्त्रज्ञांनीं स्वतःच सांगितलें कीं ह्या प्रयोगावरून कोणीं सनस्क्रीन वापरणें सोडूं नये. त्याबरोबरच हेंही लक्षांत ठेवावें कीं हें रसायन मलमांतच असतें असें नाहीं. उन्हानें रंग उडूं नये म्हणून तें प्लास्टिकच्या वस्तूंतही घालतात. सन २००३ आणि २००४ ह्या दोन वर्षांत अमेरिकेंत ६ वर्षांवरील २,५१७ लोकांचें मूत्र तपासलें गेलें, त्यांपैकीं शेंकडा ९६.८ नमुन्यांत ऑक्सिबेन्झोन आढळलें.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शरीराची वाढ व प्रजननशक्ति ज्यांच्या ताब्यांत असतात त्या संप्रेरकांच्या, म्हणजे हॉर्मोनांच्या, कामांत हें रसायन ढवळाढवळ करितें असें म्हटलें जातें. सन २००१ मध्यें झुरिच येथील संशोधकांनीं उंदरांच्या जातीच्या लहान माद्यांस तें अन्नांतून दिलें तेव्हां त्यांच्या गर्भाशयाचें वजन वाढलेलें आढळलें. परंतु दिलेली मात्रा फार मोठी होती. मलम लावणाऱ्या माणसाच्या शरीरांत तितकें जाणें संभवत नाहीं. सन २००४ मध्यें डेन्मार्क देशांत ३२ माणसांच्या सर्वांगास ऑक्सिबेन्झोन व आणखी दोन तशींच रसायनें असलेलें मलम आठवडाभर रोज लावून त्यांच्या रक्तांतील संप्रेरकें मोजलीं. जो फरक दिसला तो अल्प होता, आणि त्याचें कारण तीं रसायनें होत असें संशोधकांस वाटलें नाहीं. हें वाचून पालकांस धीर येईल. तथापि तीं ३२ माणसें प्रौढ होतीं व प्रयोग आठवड्याचा होता. ज्याचें शरीर अद्याप घडत आहे अशा बारा-तेरा वर्षांच्या मुलानें वर्षानुवर्षे तें लावल्यास काय होईल, ह्याचें उत्तर त्या प्रयोगांतून मिळत नाहीं.

अशा संशयाच्या स्थितींत निरनिराळ्या देशांनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. युरोपांत पूर्वीं शेंकडा १० पर्यंत ऑक्सिबेन्झोन चालत असे. सन २०१७ मध्यें ती मर्यादा शेंकडा ६ वर आणिली गेली. पुढें २०२१ मध्यें युरोपच्या वैज्ञानिक समितीनें सर्वांगास लावण्याच्या मलमांत तेवढें प्रमाण सुरक्षित म्हणतां येत नाहीं असें मत दिलें, आणि २०२२ च्या नियमानें चेहरा, हात व ओठ ह्यांसाठीं शेंकडा ६, परंतु सर्व अंगासाठीं शेंकडा २.२ अशी नवी मर्यादा घालून दिली. अमेरिकेनें निराळा मार्ग धरिला. तेथील प्रशासनानें २०१९ सालीं जो प्रस्ताव मांडला त्यांत केवळ झिंक ऑक्साइड व टिटॅनियम डायऑक्साइड ह्या दोहोंस सुरक्षित व गुणकारी म्हटलें, आणि ऑक्सिबेन्झोनसह बारा रसायनांविषयीं कारखानदारांनीं आणखी पुरावा आणावा असें बजाविलें. आमच्या मतें ही मागणी न्याय्य आहे. जो वस्तु विकतो त्यानेंच ती निर्दोष असल्याचें दाखवावें; जो विकत घेतो त्यानें आपल्या लेकरांच्या अंगावर तें पाहूं नये.

तिसरा दोष लहान आहे, पण निश्चित आहे. कांहीं लोकांस ऑक्सिबेन्झोननें खाज सुटते, पुरळ उठतें; विशेष म्हणजे कित्येकांस मलम लावून उन्हांत गेल्यावरच त्रास होतो. त्वचेच्या अशा विकारांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेंतील संस्थेनें २०१४ सालीं बेन्झोफेनोन ह्या वर्गास ‘वर्षांतील ॲलर्जीकारक पदार्थ’ म्हणून जाहीर केलें होतें. बहुतेकांस हा त्रास होत नाहीं. पण ज्यास होतो त्यानें तें नांव ओळखून टाळणें हाच उपाय.

चौथा आक्षेप माणसांविषयीं नसून समुद्रांतील प्रवाळांविषयीं आहे. सन २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत ऑक्सिबेन्झोनमुळें प्रवाळांचीं पिलें विद्रूप होतात व मरतात असें प्रयोगशाळेंत दिसून आलें. त्यावरून पॅसिफिक महासागरांतील पलाऊ ह्या लहानशा देशानें १ जानेवारी २०२० पासून, आणि हवाई बेटांनीं १ जानेवारी २०२१ पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीस बंदी घातली. कांहीं शास्त्रज्ञांचें म्हणणें असें कीं प्रयोगांतील मात्रा खुल्या समुद्रांतील मात्रेहून अधिक होती, आणि प्रवाळांचा मुख्य शत्रु तापत चाललेलें समुद्राचें पाणी हा आहे. तेंही खरेंच आहे. परंतु मोठा शत्रु दारांत उभा असतां लहानास आंत घ्यावें असें शहाणपण सांगत नाहीं. आपल्या मालवणच्या समुद्रांतही प्रवाळ आहेत, तेथील कांहीं भाग १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून राखला गेला, आणि तेथें पाण्याखालचें सौंदर्य पाहण्यास सुटींत कितीतरी कुटुंबें जातात. त्यांनीं मलमाऐवजीं लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घातला तर त्वचाही राखली जाईल व प्रवाळही.

इतके आक्षेप सांगितल्यावर सनस्क्रीनच्या बाजूनें जें सांगावयाचें तेंही प्रामाणिकपणें सांगणें आमचें कर्तव्य आहे. ऑस्ट्रेलियांतील नँबोर गांवीं १९९२ सालीं १,६२१ लोकांवर एक दीर्घ प्रयोग सुरू झाला. अर्ध्यांस रोज नेमानें सनस्क्रीन लावावयास सांगितलें, उरलेल्यांस इच्छेप्रमाणें वागूं दिलें. साडेचार वर्षांनंतर पहिल्या गटांत एका प्रकारचा त्वचेचा कर्करोग सुमारें शेंकडा ४० नीं कमी आढळला. त्यानंतर आणखी दहा वर्षे त्या लोकांवर लक्ष ठेविलें असतां, मेलॅनोमा ह्या घातक रोगाचीं नवीं प्रकरणें दुसऱ्या गटांत २२ तर पहिल्या गटांत ११ झालीं. म्हणजे सनस्क्रीन ही केवळ शोभेची वस्तु नव्हे. ज्याला गरज आहे त्याचे प्राण ती वांचवूं शकते. ह्यांत आणखी एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. नँबोरच्या त्या मलमांत ऑक्सिबेन्झोन नव्हतेंच. अर्थात् रक्षणाचें काम ह्या एकाच रसायनावांचून अडत नाहीं.

आतां आम्हांस जें मुख्य सांगावयाचें आहे त्याकडे येतों. नँबोरचे बहुतेक रहिवासी गोऱ्या वर्णाचे होते. त्यांच्या त्वचेंत मेलॅनिन हें रंगद्रव्य थोडें, आणि डोक्यावर ऊन प्रखर. त्यांस त्वचेच्या कर्करोगाचें भय मोठें आहे. आपल्या लोकांच्या सांवळ्या त्वचेंत तेंच मेलॅनिन विपुल असतें आणि तें किरणांचा पुष्कळ भाग स्वतःच अडवितें. म्हणून त्वचेचा कर्करोग आपल्या देशांत ऑस्ट्रेलियापेक्षां फारच विरळा आढळतो. ह्याचा अर्थ आपणांस ऊन बाधत नाहीं असा नव्हे. आपलीही त्वचा भाजते, डोळ्यांस इजा होते, वांग वाढतो. आणि ज्यांस कोड आहे, ज्यांच्या त्वचेंत जन्मतःच रंगद्रव्य नाहीं, किंवा ज्यांचें औषध ऊन सोसूं देत नाहीं, त्यांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें सनस्क्रीन अवश्य व नेमानें वापरावें. परंतु बाकीच्यांनीं स्वतःस एक प्रश्न विचारावा : आम्ही हें मलम आजार टाळण्यासाठीं घेतों, कीं मूल काळें पडूं नये म्हणून ?

ह्या प्रश्नाचें खरें उत्तर पुष्कळ घरांत दुसरें आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. जाहिरातींत भाजण्याची किंवा रोगाची गोष्ट थोडी, आणि रंग उजळ राहण्याची गोष्ट फार असते. मुलगी खेळाच्या मैदानावरून आली कीं तिनें शर्यत जिंकली कीं नाहीं हें विचारण्यापूर्वीं ती किती रापली ह्याची चर्चा सुरू होते. कित्येक मुली ह्याच भयानें खेळांतून नांव काढून घेतात. आमच्या मतें ह्या मलमाचा सर्वांत वाईट परिणाम हाच आहे, आणि तो कोणत्याही प्रयोगशाळेंत मोजला गेलेला नाहीं. जो अपाय संशयित आहे तो सोसावयाचा असेल तर त्याच्या बदल्यांत मिळणारा लाभही तितकाच मोठा हवा. कर्करोग टळत असेल तर रक्तांत उतरणाऱ्या थोड्या रसायनाची जोखीम माणूस समजून उमजून घेईल. परंतु सांवळेपण हा रोग नाहीं. तें टाळण्यासाठीं घडत्या वयाच्या मुलांमुलींच्या अंगास, ज्याचा तपास अद्याप पुरा झालेला नाहीं असें रसायन रोज चोपडणें, हा सौदा आम्हांस शहाणपणाचा वाटत नाहीं.

मग करावें काय ? उपाय सोपे आहेत व बहुतेक फुकट आहेत. सकाळीं दहापासून दुपारीं चारपर्यंत किरण प्रखर असतात. घड्याळ नसेल तर सांवलीकडे पाहावें. आपली सांवली आपल्या उंचीहून आंखूड झाली कीं ऊन कडक आहे असें समजावें. त्या वेळीं झाडाखालीं, छपराखालीं असावें. बाहेर जाणें भागच असेल तर रुंद कांठाची टोपी, पुऱ्या बाह्यांचा सुती सदरा व छत्री घ्यावी. दाट विणीचें कापड किरणांस अडवितें, आणि तें रक्तांत उतरत नाहीं. पोहणें, डोंगर चढणें, दिवसभराचे सामने अशा प्रसंगीं उघड्या भागास मलम लावावयाचें असेल तर मुलांसाठीं झिंक ऑक्साइड किंवा टिटॅनियम डायऑक्साइडचें घ्यावें. चेहरा थोडा पांढरट दिसेल, तर दिसो. फवारा मारण्याच्या मलमापेक्षां हातानें लावण्याचें बरें, म्हणजे तें श्वासांत जात नाहीं. दर दोन तासांनीं पुन्हां लावावें, आणि मलम लावलें म्हणून उन्हांत अधिक वेळ राहूं नये. सहा महिन्यांच्या आंतील बालकांस मलमापेक्षां सांवलीच द्यावी. घेण्यापूर्वीं वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. अक्षरें बारीक असतात हें खरें, पण शाळेंत वाचावयास शिकवितात तें अशा वेळींही उपयोगी पडावें.

शेवटीं एक गोष्ट शाळांनींही आपल्याकडे पाहून ऐकावी. मुलांस भर दुपारीं कवाईतीस उभें करावयाचें, संचलनाची तालीम डोक्यावर ऊन असतां घ्यावयाची, आणि मग पालकांस ‘सनस्क्रीन लावून पाठवा’ असें सांगावयाचें, हें न्यायाचें नाहीं. ज्या घरीं महिन्याचा किराणा जेमतेम भागतो तेथें ह्या महाग नळीसाठीं पैसे कोठून यावे ? कवाईत सकाळीं घेतां येते. मैदानाच्या कडेला कडुनिंब व वड लावतां येतात. पाण्याची व सांवलीची सोय करून सामने ठेवितां येतात. ह्या गोष्टींचा भार मुलांच्या त्वचेवर आणि पालकांच्या खिशावर न टाकतां आपण शिक्षकांनींच उचलावा असें आम्हांस मनापासून वाटतें.

विद्यार्थ्यांनो, पुढें तुमच्यासमोर अशीं कितीतरी रसायनें, औषधें व खाद्यें येतील, आणि प्रत्येकाविषयीं कोणी विष म्हणेल, कोणी अमृत. तुम्ही दोघांचेंही ऐका, मग विचारा : किती मात्रेंत ? कोणावर पाहिलें ? किती दिवस ? आणि मला ह्याची खरोखर गरज आहे काय ? पालकांसही आमची विनंति एवढीच कीं उन्हाळ्याच्या यादींत सनस्क्रीन लिहिण्यापूर्वीं टोपी लिहावी, आणि मूल खेळून घरीं आलें म्हणजे त्याच्या रंगाविषयीं कांहीं न बोलतां त्यास गार पाणी द्यावें.